एकसष्टावं मिनिट

सामना वादळामुळे बंद पडला, अशी आमच्या इमारतीतल्या काही लोकांची अजून समजूत आहे. मी ती दुरुस्त करत नाही. जिन्यात भेटले की "काय वारा सुटला होता हो त्या दिवशी!" म्हणतात, आणि मी "हो ना" म्हणून मान खाली घालून वर चढतो. वास्तविक त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. सामना बंद पडला तो माझ्यामुळे. अगदी नेमकं सांगायचं तर माझ्या उजव्या हाताच्या बोटामुळे. माझ्या उरलेल्या देहाने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदाच व्यवहारीपणा करायचं ठरवलं होतं. पण बोटाला कोणी विचारलं नव्हतं.

मी सदतीस वर्षं सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल होतो. फुटबॉलशी माझा संबंध इतकाच, की शाळेत एकदा मला गोलरक्षक केलं होतं, कारण गोलखांबांच्या जागी सगळ्यांची दप्तरं रचली होती आणि ती सांभाळायला कोणीतरी हवं होतं. त्या दिवशी सात गोल झाले, पण दप्तर एकही हरवलं नाही. लग्नानंतर मी हे आमच्या हिला मोठ्या अभिमानाने सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "अहो, हे दुसऱ्या कोणाला सांगू नका."

आमचे जावई मात्र शहरातल्या व्यावसायिक संघाचे व्यवस्थापक. दुसऱ्या श्रेणीतला संघ, आणि तिथेही तळाशी. दोन गल्ल्यांपलीकडे राहतात. एका रविवारी ते एक जाडजूड पुस्तक घेऊन आले आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवून म्हणाले, "बाबा, तुम्ही काहीही वाचता. ही लीगची नियमावली. आमच्याकडे चार प्रती आहेत, चौघांनीही उघडलेली नाही. एकदा वाचून काय ते आम्हाला सांगा."

दोनशे चौदा पानं. तीन दिवसांत वाचून काढली, प्रत्येक ओळीखाली बोट धरून. ही माझी लहानपणापासूनची सवय. बोट नसेल तर मला ओळ दिसते, पण पटत नाही. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर असो, विजेचं बिल असो, बोट आपोआप जातं. आमची ही म्हणते, मुलीच्या लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेवर बोट ठेवून मी व्याह्यांसमोर तीनदा वाचलं, तेव्हा त्यांना वाटलं मला लग्न मोडायचंय.

नियमावलीतलं अकरावं प्रकरण मला फार आवडलं. 'अर्धवट सोडलेले सामने.' तोपर्यंत माझी कल्पना अशी, की खेळ सुरू होतो आणि संपतो. पण तसं नाही. पुढे ढकललेला सामना वेगळा, रद्द केलेला वेगळा, आणि सुरू होऊन, रंगात येऊन मध्येच टाकून दिलेला वेगळा. त्याची कारणं सात. दाट धुकं, तुंबलेलं पाणी, गेलेले दिवे, मैदानात घुसलेले प्रेक्षक, पंचांची तब्येत, एखाद्या संघात सातापेक्षा कमी माणसं उरणं, आणि शेवटचं, 'साहित्य मोडणे व साठ मिनिटांत दुरुस्त न होणे'. टाकलेल्या सामन्याचं पुढे काय, त्याच्या चार वाटा: सगळा डाव पहिल्यापासून, किंवा फक्त उरलेली मिनिटं, किंवा आहे तो निकाल कायम, किंवा ज्याची चूक त्याच्यावर तीन-शून्याने हार. इतकं शहाणं प्रकरण मी फार कमी पुस्तकांत वाचलंय. माणसांच्या बाबतीत असं कोणी लिहून ठेवलेलं नाही.

मी ते नातीला वाचून दाखवलं. नात आठ वर्षांची. रोज संध्याकाळी पाच वाजता येते, सोफ्यावर माझ्या डाव्या बाजूला बसते, आणि आम्ही वाचतो. तिला दुसरी वाट पसंत पडली. "म्हणजे तेच खेळाडू, आणि जिथे थांबले तिथूनच?"

"तिथूनच. चेंडू जिथे होता तिथून."

दुसऱ्या दिवशी तिने अर्धा पेला दूध तसंच ठेवलं आणि आजीला सांगितलं, "हे अर्धवट सोडलंय. उरलेलं उद्या, मीच पिणार, याच पेल्यातून." आमच्या हिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी नियमावली दोन दिवस कपाटावर ठेवली.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण जावयांनी लीगच्या कार्यालयात सांगितलं, "आमच्या सासऱ्यांनी नियमावली अख्खी वाचलीय." मग कोणीतरी विचारलं, त्यांना वेळ असतो का? लीगला सामना-निरीक्षक हवे होते. अट अशी, की माणसाला लिहिता यावं, त्याने कोणाच्याही बाजूने ओरडू नये, आणि बसायला सांगितलेल्या खुर्चीवर बसून राहावं. या तिन्ही गोष्टी मी सदतीस वर्षं केल्या होत्या. मला नेमणुकीचं पत्र आलं, आणि पाठीवर 'निरीक्षक' लिहिलेलं एक पिवळं जाकीट. ते माझ्या गुडघ्यापर्यंत येत होतं.

समोरचे दंतवैद्य निवृत्त आहेत, पण सल्ला देणं त्यांनी थांबवलेलं नाही. जाकीट पाहून ते म्हणाले, "निरीक्षकाने कधी तोंड उघडायचं नसतं. तोंड उघडलं की काहीतरी काढावंच लागतं. चाळीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो." मला ते तेव्हा विनोदी वाटलं होतं.

पहिल्या सामन्यात काहीच घडलं नाही. मी त्यावर अकरा पानांचा अहवाल लिहिला. फॉर्मवर तीन ओळींची जागा होती. लीगच्या कार्यालयातल्या बाईंचा फोन आला. "काका, अहवाल मिळाला. वाचला नाही, पण छान आहे." त्यानंतरचे चार सामनेही असेच गेले. माझा आत्मविश्वास वाढला म्हणता येणार नाही, पण जाकीट दुमडून शिवून घेतलं.

हंगामाच्या शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी त्याच बाईंचा फोन. "काका, उद्याच्या निरीक्षकांना मूतखडा झालाय. तुमच्या घराजवळच मैदान आहे, तुम्ही जा."

"अहो, पण तो संघ माझ्या जावयांचा आहे."

"फॉर्ममध्ये रक्ताचं नातं विचारलंय. रक्ताचं आहे का?"

"रक्ताचं तसं म्हणता येणार नाही, पण..."

"मग या. थँक्यू हं, काका." फोन बंद. मी नकार देत होतो, हे मला वाटतं माझ्याशिवाय कोणालाच कळलं नाही. माझे बरेचसे नकार असेच गेलेत.

त्या सामन्यावर काय अवलंबून होतं, ते मला चांगलं माहीत होतं. जावयांचा संघ जिंकला तर श्रेणीत टिकणार होता. बरोबरी झाली तरी खाली जाणार, आणि खाली गेला तर मालक व्यावसायिक संघच बंद करणार. तसं झालं तर जावयांना दुसऱ्या शहरात नोकरी पाहावी लागणार, रेल्वेने चौदा तासांवर. मुलीने हे मला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं होतं. "बाबा, तिच्यासमोर बोलू नका." ती म्हणजे नात. नात त्या वेळी बाहेर सोफ्यावर एका जाड पुस्तकावर बोट ठेवून माझी वाट पाहत होती. बोटाची सवय तिने माझ्याकडून उचलली. आईचा दोष नाही.

सामना चांगला चालला होता. म्हणजे मला तसं वाटतं. मी घड्याळ आणि नियमावली पाहत होतो. आमच्या संघाने पहिल्या अर्ध्यात एक गोल केला. मी जाकिटाच्या आत टाळी वाजवली, एकदाच, आवाज न करता. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला पाहुण्या संघाच्या पुढच्या फळीतल्या एका उंच माणसाने असा काही फटका मारला, की चेंडू आमच्या गोलखांबांवरच्या आडव्या दांड्यावर आदळून बाहेर गेला. वाचलो, असं सगळं मैदान म्हणत असतानाच दांडा डाव्या बाजूने सावकाश खाली उतरला आणि गोलरक्षकाच्या खांद्यावर टेकला.

माळीबुवा धावत आले. मैदानाची सगळी देखभाल त्यांच्याकडे. त्यांनी तार आणली, एक झाडू आणला, झाडूचा दांडा खांबाला बांधून त्यावर आडवा दांडा टेकवला. दहा मिनिटं गेली. पंच म्हणाले, "ठीक आहे." दोन्ही कर्णधार म्हणाले, "ठीक आहे." जावई लांबून हात जोडत होते, कोणाला ते कळत नव्हतं. मग पंच रीतीप्रमाणे माझ्याकडे वळले. "निरीक्षकसाहेब, हरकत नाही ना?"

'नाही' एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. पण मला आयुष्यात कोणी 'साहेब' म्हटलं की मी घाबरतो आणि खरं बोलतो.

"उंची," मी पुटपुटलो.

"काय?"

"दांडा जमिनीपासून आठ फूट हवा. मोजायला हवं. बहुतेक. म्हणजे पुस्तकात तसं आहे."

मोजायचं कशाने? माळीबुवांची मोजपट्टी कुंपण रंगवणारा घेऊन गेला होता, कुंपण रंगवून झालं होतं आणि रंगवणारा दिसत नव्हता. मैदानाच्या फाटकासमोर शिंप्याचं दुकान आहे. माळीबुवा तिकडे गेले आणि हात हलवत परत आले. "तो फीता देत नाही. म्हणतो, फीता माझ्या गळ्यातून उतरत नाही. माप घ्यायचं तर मी येतो. पण हातातली पँट पुरी करून."

पँट पुरी व्हायला अठरा मिनिटं लागली. प्रेक्षकांनी तोवर माझ्याविषयी एक घोषणा तयार केली होती. ती यमकात होती, हे मी मान्य करतो.

शिंपी आला. गंभीर, बारीक माणूस, कानामागे खडू. त्याने गोलखांबाकडे खालून वर पाहिलं, जसं एखाद्या गिऱ्हाइकाकडे पाहावं. त्याचा फीता पाच फुटांचा. म्हणून पाचावर खडूची खूण करायची, आणि पुढचे तीन शिडीवर चढून. शिडी नव्हती. उंच माणसाच्या खांद्यावर शिंप्याला बसवलं, त्याच माणसाच्या ज्याने दांडा पाडला होता.

"सात फूट दहा," शिंपी वरून म्हणाला. "दोन इंच कमी. मधे झोळ पण आहे."

झाडूखाली विटा सरकवल्या. "आठ फूट दीड. आता ढिला झाला." एक वीट काढली. "सात साडेदहा." असं बराच वेळ चाललं. माळीबुवा शेवटी वैतागून म्हणाले, "अहो मास्तर, हा दांडा आहे, सदरा नाही."

"माप ते माप," शिंपी म्हणाला. मला तो माणूस मनापासून आवडला आणि त्याच वेळी मला त्याचा गळा दाबावासा वाटला. इतक्या वेगवेगळ्या भावना मला एकदम सहसा होत नाहीत.

शेवटी कुठूनतरी एक खिळा आला, एक पाना आला, आणि दांडा बरोबर आठ फुटांवर बसला. मैदानात टाळ्या पडल्या. मी घड्याळ पाहिलं. दांडा पडल्यापासून एकसष्टावं मिनिट चालू होतं.

साठ मिनिटांचा नियम त्या मैदानावर फक्त मला माहीत होता. पंचांना माहीत नव्हता, कर्णधारांना नव्हता, जावयांना नव्हता. त्यांची प्रत मी वाचली म्हणून त्यांनी वाचलीच नव्हती. पंच पुन्हा माझ्याकडे वळले. "चला. निरीक्षकसाहेब, आता हरकत?"

मी डोळे मिटले. सोफा दिसला, पाच वाजलेले दिसले. डोळे उघडले आणि स्वच्छ आवाजात म्हणालो, "नाही."

माझ्या आयुष्यातलं पहिलं सरळसरळ खोटं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. मला वाटलं, अरेच्चा, लोक हे रोज करतात आणि आपण एवढी वर्षं उगाच...

"एवढं काय वाचताय हो?" शेजारून आवाज आला. पाहुण्या संघाचे चिटणीस. स्थूल गृहस्थ, चष्मा कपाळावर. तो त्यांनी नाकावर उतरवला आणि माझ्या मांडीवरच्या नियमावलीकडे वाकले. पान एकशे एकोणतीस उघडं होतं. मधल्या ओळीवर माझं बोट होतं. ते कधी गेलं, मला ठाऊक नाही. मी तोंडाने 'नाही' म्हणत होतो आणि बोट खाली प्रामाणिकपणे 'साठ मिनिटांत' या शब्दांखाली उभं होतं.

चिटणीसांनी ती ओळ मोठ्याने वाचली. मग पुन्हा वाचली, पंचांसाठी. पंचांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तीनदा शिट्टी वाजवली.

मी जावयांकडे पाहिलं नाही. घरी गेलो. जाकीट काढायचं राहिलं होतं, म्हणून वाटेत लोकांना ओळखायला सोपं गेलं.

त्या संध्याकाळी मुलगी आली नाही. नात आली, एकटी, दोन गल्ल्या चालून. सोफ्यावर बसली. "आजोबा, तू बोट का काढलं नाहीस?"

"मला कळलंच नाही गं ते तिथे आहे."

तिने यावर विचार केला. "मला पण कधीकधी कळत नाही," असं म्हणाली. सबंध शहरात माझी बाजू घेणारं तेवढं एकच माणूस.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'एका वृद्ध गृहस्थाच्या हस्तक्षेपामुळे' असं छापून आलं. वृद्ध ठीक आहे. हस्तक्षेप हा शब्द मला लागला. दंतवैद्य जिन्यात म्हणाले, "बोट तोंडात घालायचं होतं. माझे सगळे पेशंट तेच करायचे." तळमजल्यावरच्या बाईंनी सुचवलं की मी आजारी असल्याचं सर्टिफिकेट आणावं, त्यांच्या भाच्याने परीक्षेत आणलं होतं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी सांगितलं की नियमावलीविरुद्ध नियमावलीच्याच लेखकांकडे दाद मागावी. ते कोण, ते कोणालाच माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी शिस्तपालन समितीपुढे सुनावणी झाली. लांबट खोली, पंखा, तीन सदस्य, आणि त्यांच्यासमोर बिस्किटांची बशी, जी अध्यक्ष सुनावणीभर स्वतःकडे सरकवत होते. पाहुणे म्हणाले, दांडा यजमानांचा, चूक यजमानांची, सामना आम्हाला तीन-शून्याने द्या. जावई म्हणाले, चौऱ्याहत्तर मिनिटं खेळ झालाय, एका मिनिटासाठी काय घेऊन बसलात, एक-शून्य कायम करा. मग दोघांनीही माझ्याविरुद्ध तक्रार दिली. पाहुण्यांची तक्रार अशी, की निरीक्षक यजमानांचा सासरा असून त्याने नियम लपवला. जावयांची अशी, की निरीक्षकाने तो उघड केला.

"दोन्ही संघांचा राग आहे म्हणजे निरीक्षक तटस्थ दिसतात," अध्यक्ष बिस्कीट चावत म्हणाले. "पण जावई हे रक्ताचं नातं आहे का?"

यावर अर्धा तास चर्चा झाली आणि प्रश्न एका उपसमितीकडे गेला. तिची बैठक अजून भरलेली नाही.

मग शिंप्याला साक्षीला बोलावलं. फीता प्रमाणित आहे का, असं एका सदस्याने विचारलं. शिंप्याने फीता गळ्यातून न काढताच पुढे धरला. "या फीत्याने तीस वर्षं या शहराची पोटं मोजलीत. खोटं मापणारा असता तर लोकांनी मला जिवंत ठेवलं असतं का?" सदस्याने नकळत आपलं पोट आत घेतलं. साक्ष मान्य झाली.

निकाल लागला. उरलेली सोळा मिनिटं खेळवायची. तटस्थ मैदानावर, प्रेक्षकांशिवाय, त्याच खेळाडूंनिशी, चेंडू जिथून बाहेर गेला तिथून. आणि तेच अधिकारी. म्हणजे पंच, मी, आणि आता छातीवर 'अधिकृत मापक' असा बिल्ला लावलेला शिंपी.

सकाळी नऊला आम्ही जमलो. बाकं रिकामी. आमच्या मागच्या फळीतला एक जण हंगाम संपल्यावर केस कापण्याच्या दुकानात लागला होता, त्याला तिथून सुट्टी घेऊन आणलं होतं. जावई माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसले. पण येताना एक पाण्याची बाटली माझ्या शेजारी ठेवून गेले. मला त्या बाटलीने जितका धीर आला, तितका घोषणांनी आला नव्हता.

मी तयारीनिशी गेलो होतो. नियमावली घरीच ठेवली होती. दोन्ही हात जाकिटाच्या खिशात, बोटांसकट. काहीही होवो, आज माझ्याकडून काही कळणार नव्हतं.

शिंप्याने दांडा मोजला. पंचांना नको होतं, पण बिल्ला होता. त्याने शिडीवरून फीत्याकडे पाहिलं, आणि मी त्याच्याकडे. दांडा किंचित खाली होता. मला खालूनही जाणवलं. अर्धा इंच असेल. इतकं चालतं, मास्तर, मी मनात म्हणालो. पँटला चालतं. डोळ्यांनी त्याला विनवलं. त्याने माझ्या नजरेला नजर दिली आणि त्याचा चेहरा फुलला. मोजमापाची चाड असलेला या जगात आपल्याशिवाय आणखी एक माणूस आहे, असं त्याला वाटलं असणार.

"अर्धा इंच कमी!" तो ओरडला. "वर घ्या!"

दांडा वर घेतला.

पंधरा मिनिटं आमच्या संघाने नुसता बचाव केला. केस कापणारा गडी तर भिंतीसारखा उभा होता. मी खिशात घड्याळ हाताने चाचपत होतो. सोळाव्या मिनिटाला तो उंच माणूस, तोच, पुन्हा तसाच फटका मारता झाला. चेंडू दांड्याच्या खालच्या कडेला लागला आणि आत पडला. एक-एक. पंचांनी शिट्टी वाजवली, सामना संपला, यावेळी पुरता.

शिंपी माझ्याजवळ आला. बराच वेळ फीता बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "अर्धा इंच खाली असता तर बाहेर गेला असता, नाही का?"

"बहुतेक," मी म्हणालो.

"माप तर बरोबर होतं."

"माप बरोबर होतं, मास्तर."

आम्ही दोघं त्या रिकाम्या मैदानावर तसेच उभे राहिलो. कोणीतरी आमचं अभिनंदन करायला हवं होतं, आणि कोणीतरी आम्हाला बडवायला हवं होतं. पण सगळे आपापल्या बस धरायला निघून गेले होते.

महिन्याभरात संघ बंद झाला. जावयांना नोकरी लागली, चौदा तासांवर, गोलखांब बनवण्याच्या कारखान्यात. सांगताना तेच म्हणाले, "तिथे मोजपट्ट्या भरपूर आहेत, बाबा." म्हणून हसले, आणि मग मला नमस्कार करायला खाली वाकले ते जरा जास्तच वेळ वाकून राहिले. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. पुस्तकात असं काही नव्हतं.

सामान बांधायला घेतलं त्या संध्याकाळी नात पाच वाजता आली. आम्ही ग्रंथालयातून आणलेलं ते जाड पुस्तक वाचत होतो, एका जहाजाच्या सफरीचं. जहाज धुक्यात अडकलं होतं, कप्तान डोलकाठीवर चढला होता. एकशे बाराव्या पानावर खालून आईने हाक मारली. पुन्हा मारली. नातीने बोट ओळीवरून काढलं, पेन्सिलीने तिथे बारीक टिंब केलं, आणि पुस्तक मिटलं. ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिल! सदतीस वर्षांत मी त्यावरून मोठमोठ्या माणसांना उभं केलं होतं. ते टिंब मी तसंच राहू दिलं.

"आजोबा, हे अर्धवट सोडलंय."

"हो."

"तू एकटा पुढे वाचायचं नाहीस. फोनवर पण नाही. उरलेलं सुट्टीत. तेच खेळाडू."

"आणि चेंडू जिथे होता तिथून," मी म्हणालो.

सुट्टीला अजून पाच महिने आहेत. पुस्तक पंधरा दिवसांसाठी घेतलं होतं.

पहिलं स्मरणपत्र आलं ते मी दारातच, ओळीखाली बोट धरून वाचलं. त्यातला मजकूर मीच लिहून दिलेला, तीस वर्षांपूर्वी. 'इतर वाचकांचा विचार करावा' हे वाक्य मला तेव्हा फार परिणामकारक वाटलं होतं, आणि ते आहे. दुसरं आलं. काल तिसरं आलं, लाल शिक्क्याचं. लाल शिक्काही माझीच कल्पना. आमची ही म्हणाली, "अहो, देऊन टाका ना ते पुस्तक, नाहीतर पुन्हा घ्या नाव लावून." पण नियमाप्रमाणे पुन्हा घ्यायचं तर आधी परत करावं लागतं, परत केलं की ते पहिल्या पानापासून तपासतात, आणि पेन्सिलीची खूण दिसली की खोडतात. मीच शिकवलंय त्यांना. एकही खूण सुटत नाही.

तिसऱ्या पत्राला जोडून एक उत्तराचा फॉर्म असतो. ग्रंथ परत न करण्याचं कारण: हरवला, फाटला, अन्य. 'अन्य'पुढे अर्ध्या ओळीची जागा. एवढी कमी जागा कोणी ठेवली म्हणून मी चिडलो, मग आठवलं.

सकाळपासून तो फॉर्म पुढे घेऊन बसलो होतो. आता 'अन्य'वर खूण केली आहे, आणि त्या अर्ध्या ओळीत मावेल इतक्या बारीक अक्षरात लिहिलंय: 'धुकं. उरलेली एकशे चौदा पानं. तेच खेळाडू.' पत्र टपालात टाकून आलो. पुस्तक कपाटात, कपड्यांच्या मागे आहे. कोणी विचारायला आलंच, तर दोन्ही हात खिशात घालून दार उघडायचं, एवढं ठरवलंय.